कुशावर्त ते नागघाट : आषाढातले पाच दिवस

पहिला दिवस : त्र्यंबक

ताईच्या मुलाचे लग्न तीन वर्षांपासून रखडले आहे. स्थळे येतात, पत्रिका पाहायला जातात आणि तिथेच अडकतात. शेवटी एका ज्योतिषाने पत्रिकेत कालसर्प योग असल्याचे सांगितले आणि ताईने त्र्यंबकेश्वरी शांती करायचे ठरवले. मुलाला कंपनीतून रजा मिळेना आणि घरात दुसरे कोणी यायला राजी होईना, तेव्हा मी एका अटीवर सोबत जायचे कबूल केले : शांती झाली की लगेच परत फिरायचे नाही, नेवासे आणि पैठण करूनच घरी यायचे. ताईने त्यात परस्पर शनिशिंगणापूर घातले. ‘वाटेवरच तर आहे,’ म्हणाली. माझी रास कुंभ, साडेसातीचा शेवटचा टप्पा चालू आहे, हे ती विसरली नव्हती.

नाशिक सोडले तेव्हा रिमझिम होती. त्र्यंबक येईपर्यंत समोरचा रस्ता दिसेनासा झाला. ब्रह्मगिरी ढगांत पूर्ण बुडालेला होता आणि त्याच्या पायथ्याचे गाव ओल्या धोतरांच्या आणि धुपाच्या वासाने भरलेले होते. खोलीवर सामान टाकून, पाऊस ओसरायची वाट न पाहता, मी निवृत्तिनाथांच्या समाधीकडे निघालो.

त्र्यंबकात निवृत्तिनाथांची समाधी आहे हे अर्ध्या यात्रेकरूंना ठाऊक नसते. पालखी पंढरपूरला गेलेली असल्याने मंदिरात त्या संध्याकाळी आम्ही धरून सात माणसे होतो. ज्योतिर्लिंगाची रांग मात्र मघाशी पाहिली ती भर पावसात रस्त्यापर्यंत आलेली होती. याच ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ समोर आला, पळापळीत निवृत्ती वाट चुकला, एका गुहेत शिरला आणि तिथे त्याला नाथपंथी गहिनीनाथ भेटले, अशी परंपरा आहे. नाथपंथाचा उपदेश निवृत्तीकडून ज्ञानदेवांकडे आला. या चार भावंडांचे वडील संन्यास सोडून संसारात परतले म्हणून कुटुंब वाळीत पडले होते, आणि धर्मसभेने आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, हेही परंपराच सांगते. ज्या व्यवस्थेने शास्त्राधार काढून दोन माणसांना नदीत जीव द्यायला लावले, तिच्याच सावलीत हा उपदेश एका गुहेतून बाहेर आला. मी हे ताईला सांगत होतो आणि ती समाधीसमोर हात जोडून मुलाचे नाव पुटपुटत होती.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी छत्री आणू नये, वारा ती उलटी करतो, रेनकोट आणावा. कुशावर्त या स्नानाच्या कुंडाच्या पायऱ्यांना शेवाळ असते. उतरताना कठड्याचा आधार सोडू नये.

दुसरा दिवस : शांती

पहाटे कुशावर्तात स्नान झाले. ताई थंडीने काकडत होती, पण चेहऱ्यावर समाधान होते. त्या स्नानाबद्दल माझी काही तक्रार नाही.

शांती गुरुजींच्या वाड्यातल्या दिवाणखान्यात होती. सामूहिक, स्वतंत्र आणि विशेष असे तीन दर. ताईने मधला नको, पहिलाच घेतला. अकरा कुटुंबे अकरा पाटांवर, प्रत्येकासमोर तांदळाची रास आणि तिच्यावर चांदीच्या पत्र्याचे नाग. मुलगा नसल्याने ताईने त्याचा कंपनीच्या ओळखपत्रातला फोटो राशीला टेकवून ठेवला. ध्वनिक्षेपकावरून गुरुजी मंत्र म्हणत आणि मध्येच हिंदीत सूचना देत. संकल्पात गोत्राचा उच्चार आला, तेव्हा ते थांबून म्हणाले की ज्यांना आपले गोत्र माहीत नसेल त्यांनी कश्यप म्हणावे. अकरांतल्या नऊ पाटांवरून एकाच वेळी ‘कश्यप’ असा आवाज उठला. आमचे गोत्र ताईला पक्के ठाऊक आहे, तरी त्या गजरात तीही कश्यप म्हणून गेली आणि मग घाबरून माझ्याकडे पाहू लागली. पुढचा अर्धा तास तिचे लक्ष मंत्रांत नव्हते. चुकीच्या गोत्राची शांती मुलाला लागू पडेल की नाही, याच विचारात ती होती.

राहू आणि केतू हे आकाशातले गोल नव्हेत. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदते ते हे दोन बिंदू, एकमेकांच्या बरोबर समोर. उरलेले सातही ग्रह त्यांच्या एकाच बाजूला आले की त्याला कालसर्प योग म्हणतात. गुरू आणि शनी संथ चालतात. ते एका बाजूला असताना रवी, मंगळ, बुध आणि शुक्रही तिकडे आले, की चंद्र त्या अर्ध्या भागात असेपर्यंत, म्हणजे महिन्यातले तेरा-चौदा दिवस, पृथ्वीवर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत हा योग पडतो. जुन्या जातकग्रंथांत हा योग सापडत नाही, असे अनेक अभ्यासू ज्योतिषीच सांगतात. नागबळीची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती अधिक बोलकी वाटते. ज्याच्या हातून नाग मारला गेला त्याने करायचा हा विधी. अपमृत्यूने गेलेल्यासाठी नारायणबळी. दोन्हींना निश्चित कारण होते. शेतात फाळाखाली नाग आला, जीव हळहळला, विधी केला, मन मोकळे झाले. आता कोणाही माणसाला सांगता येते की तुझ्या सात पिढ्यांत कोणीतरी नाग मारला असणारच. केलेल्या चुकीचे प्रायश्चित्त संपते. न केलेल्या चुकीचे कसे संपायचे? शांती आटोपून दक्षिणा देताना गुरुजींनी पत्रिका पुन्हा हातात घेतली आणि थोडा पितृदोषही दिसतो, पुढच्या वेळी तीन दिवस काढून नारायण नागबळी करा, असे सुचवले, तेव्हा ताईच्या चेहऱ्यावरचे पहाटेचे समाधान मी मावळताना पाहिले.

निघताना सर्वांना पथ्यांचा एक छापील कागद मिळाला. अकरा दिवस परान्न, म्हणजे दुसऱ्याच्या घरचे अन्न, वर्ज्य, ही त्यातली दुसरी ओळ. पुढचे तीन दिवस आम्हाला बाहेरच जेवायचे होते, म्हणून ताईने काळजीने विचारले. गुरुजी म्हणाले, ‘हॉटेलातले चालेल मावशी, विकतचे ते परान्न नव्हे.’ प्रेमाने वाढलेल्या घासाने दोष लागतो आणि पैसे मोजलेल्या घासाने लागत नाही, हा अर्थ धर्मशास्त्रात कधी शिरला असेल याचा विचार मी मिसळ खाताना बराच वेळ करत होतो.

त्या संध्याकाळची खरी भेट मात्र वेगळी होती. सकाळी मुख्य गुरुजींच्या मागे बसून साहित्य पुढे करणारा एक तिशीचा तरुण आम्हाला चहाच्या टपरीवर भेटला. लहानपणापासून वेदपाठशाळेत काढलेला, घनपाठापर्यंत गेलेला. घनपाठ म्हणजे काय हे ताईने विचारले, तेव्हा त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि बोटांवर दाखवले : पहिले-दुसरे पद, मग दुसरे-पहिले, मग पहिले-दुसरे-तिसरे, मग उलट, मग पुन्हा सुलट, आणि असे करत मंत्राच्या शेवटापर्यंत. लिपीशिवाय, एक स्वरही न हलवता, संहिता पिढ्यान्‌पिढ्या टिकवण्याची ही युक्ती. मग त्याने एक ऋचा म्हटली. टपरीवरच्या गॅसचा आवाज, पत्र्यावरचा पाऊस आणि त्यातून पुढेमागे झोके घेणारे ते स्वर. टपरीवाल्याने आपणहून मोबाइलवरचे गाणे बंद केले. ‘हे ऐकायला कोणी बोलावते का?’ मी विचारले. वर्षातून एकदोनदा, तो म्हणाला. कालसर्पाला मात्र रोज. ‘लोक मंत्राचा अर्थ विचारत नाहीत, किती दिवसांत गुण येईल ते विचारतात. मीही आता दिवस सांगतो.’ तोवर मी सगळा दोष पाटाच्या पलीकडे बसलेल्यांवर टाकत होतो. अलीकडच्या अकरा पाटांचा हिशेब मी धरलाच नव्हता.

त्र्यंबकात पूजा करायचीच असेल तर दक्षिणेत साहित्य, जेवण आणि चांदीचे नाग धरलेले आहेत की नाहीत, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

तिसरा दिवस : शनिशिंगणापूर

सिन्नर मागे पडले आणि पाऊस एखादा पडदा सारावा तसा मागे राहिला. शिर्डी बाहेरूनच टाळली. राहुरीकडे ऊस हिरवागार होता, पण आभाळ नुसतेच भरलेले. वारा धूळ उडवत होता आणि त्र्यंबकात ओले झालेले आमचे कपडे गाडीच्या खिडकीत अर्ध्या तासात वाळले. शिंगणापूरच्या वाटेवर बैलाच्या चरकाच्या रसवंत्या आहेत. लाकडी घाण्याला जुंपलेला बैल डोळ्यांवर झापड घेऊन गोल फिरतो आणि पन्हळीतून रस येतो. मोटारीच्या चरकापेक्षा तो गोड लागतो, यात भाबडेपणा असेल तर असो. आले-लिंबू घालून प्यावा.

गाव जवळ येताच मोटारसायकलवर गाडीला समांतर येऊन, हात दाखवून थांबवणारी मुले दिसू लागतात. त्यांना इथे लटकू म्हणतात. एका विशिष्ट दुकानातच वाहनतळ फुकट आहे, तिथूनच पूजेचे ताट घ्यावे लागते, असे ती सांगतात. थांबू नये, काच खाली करू नये. आमच्या चालकाने थांबवली, कारण ते पोर म्हणाले, ‘महाराजांच्या दारात नाही म्हणू नका.’ या एका वाक्यावर आम्हाला तेल, काळे कापड, रुईच्या पानांची माळ आणि घोड्याचा नाल एवढे सामान बाजारभावाच्या कित्येक पटींनी मिळाले. चालकाच्या गाडीला आधीच लिंबू-मिरची होती. नाल त्याने लगेच पुढे अडकवला.

चौथऱ्यावरची शिळा साडेपाच फुटांच्या आसपास उंच आहे. वर छप्पर नाही, ऊन-पाऊस थेट अंगावर घेणारा देव. ही कल्पना मला नेहमीच भव्य वाटत आली आहे. या चौथऱ्यावर बायकांना बंदी होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, ती उठली. ताईला हे सारे आठवत होते, तरी ती खालीच उभी राहिली. मोकळीक मिळाली म्हणून भीती जाते असे थोडेच आहे? भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते म्हणून मार्च २०२५ पासून शुद्ध, नावाजलेल्या छापाचे तेलच वाहावे असा निर्णय झाला आहे. सगळ्या जगाला पिडणाऱ्या देवालाही भेसळीपासून जपावे लागते, हे ऐकून मला त्याच्याविषयी प्रथमच जिव्हाळा वाटला.

शनी सूर्याभोवती सुमारे साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी करतो, म्हणजे एका राशीत अडीच वर्षे. चंद्रराशीच्या मागची रास, स्वतःची रास आणि पुढची रास मिळून साडेसाती. याचा अर्थ कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असते. चंद्रराशीपासून चौथा आणि आठवा शनी धरला तर पाच राशी. माणसांच्या आयुष्यात अडचणी नसतात अशी साडेसात वर्षे कोणाची गेली आहेत? म्हणून हा हिशेब कधी चुकत नाही. शनी म्हणजे केल्या कर्माचे फळ नेमके मोजून देणारा, ही मूळ धारणा होती, आणि तिच्यात माणसाला सरळ वागायला लावण्याची ताकद होती. फळ मोजून देणाऱ्याला तेलाची बाटली दिली की माप कमी होते, हे कोणी ठरवले कोण जाणे.

गावातल्या घरांना दारे नाहीत हे मात्र खरे. चौकटी आहेत, त्यांत पडदे आहेत, कुत्री येऊ नयेत म्हणून कुठे एखादी फळी टेकवलेली आहे. २०११ मध्ये युको बँकेने इथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभर चर्चा झाली होती. चोरी केली तर शनी आंधळा करतो, या समजावर हे सगळे उभे आहे. एका घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजीबाईंना मी विचारले, रात्री भीती नाही वाटत? ‘कशाची? दार लावायची भीती वाटते,’ त्या म्हणाल्या आणि आपल्याच बोलण्यावर हसल्या.

दर्शन घेऊन निघताना मागे वळून पाहू नये, अशी इथली रीत आहे. पन्नास पावले आलो आणि ताईच्या लक्षात आले की रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी आत बाकावर राहिली. ती तशीच पाठमोरी उभी राहिली. ‘तू आण,’ म्हणाली. मी आयुष्यभर या गोष्टींची थट्टा केलेला माणूस. पण वळताना क्षणभर मान अवघडली, आणि मी शिळेकडे न पाहता जमिनीवरच्या फरश्या मोजत आत गेलो, हे इथे लिहून ठेवणे भाग आहे.

शनिवारी आणि शनी अमावास्येला इथे येऊ नये. आम्ही गुरुवारी गेलो, तासाभरात बाहेर आलो. मुक्कामाला नेवासे गाठले.

चौथा दिवस : नेवासे

नेवासे प्रवरेच्या काठावर आहे. हमरस्त्यावरच्या नेवासे फाट्यावरून आत वळावे लागते. अनेक गाड्या फाट्यावरच्या वडापावावरून थेट पुढे निघून जातात. मंदिर ज्या खांबाभोवती बांधले आहे त्याला पैस म्हणतात. या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवर निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी श्रद्धा आहे. ग्रंथाच्या शेवटी दिलेले शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०. खांबावर एक जुना संस्कृत लेख आहे, तो करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. कालच्या तेलाचा वास अजून माझ्या सदऱ्याला होता, त्यामुळे हा लेख वाचून घेताना मी थोडा थबकलो. दिव्यातल्या तेलाने रात्री आलेल्या माणसाला पायरी दिसत असे. तेल देण्याच्या कर्मकांडाशी माझे भांडण नाही, हे मला तिथे उभे असताना कळले.

खांबाभोवती पारायणाला सात-आठ माणसे बसली होती. माझ्याजवळ बसलेला चाळिशीचा शेतकरी तेराव्या अध्यायात होता. सात दिवसांत पारायण पुरे झाले तर मुलाला पोलीस भरतीत यश येईल असे त्याला कोणी सांगितले होते, म्हणून तो भरधाव वाचत होता, बोट ओवीखालून सरकत होते आणि मनगटावर शिंगणापूरचा काळा दोरा होता. मी त्याच्या खांद्यावरून पाहत होतो. बोट ज्या ओव्यांवरून चालले होते त्यांत ज्ञानदेव अज्ञानी भक्ताचे वर्णन करतात : देवाची मूर्ती घराच्या कोपऱ्यात बसवतो आणि आपण दुसऱ्या देवांच्या यात्रेला जातो; एकादशीला जितका मान श्रीकृष्णाला, तितकाच पंचमीला नागांना; चतुर्थी आली की गणपतीचा होतो, चतुर्दशीला दुर्गेचा. आषाढी एकादशी दहा दिवसांपूर्वी झाली होती, नागपंचमी दोन आठवड्यांवर होती, आणि आम्ही नागांची शांती करून, शनीला तेल वाहून त्या खांबाशी बसलो होतो. शेतकऱ्याचे बोट न अडखळता पुढे गेले. अशी शे-दोनशे पारायणे या ओव्यांवरून गेली असतील.

सातशे वर्षांपूर्वी हे लिहावे लागले, यातच कळते की घसरण आजची नाही. उपनिषदांनी यज्ञांना डळमळीत होड्या म्हटले, गीतेने फळाच्या आशेने वेदांच्या फुलोऱ्यात रमणाऱ्यांना फटकारले. आणि गीतेवरचे हे मराठी निरूपणच आज नोकरीसाठी सात दिवसांत उरकले जाते. म्हणून त्या शेतकऱ्याला हसावे तर तेही जमेना. पोरासाठी त्याला दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. वाचन थांबवून त्याने आम्हाला डब्यातली चपाती आणि शेंगदाण्याची चटणी देऊ केली. ताईने ‘परान्न’ म्हणून हात मागे घेतला. त्याला शब्द कळला नाही, पण हात कळला.

दुपारी निघून दीड तासात पैठण.

पाचवा दिवस : पैठण

पैठणात संत एकनाथांची दोन मंदिरे. गावातला वाडा, जिथे श्रीखंड्याच्या रूपाने देवाने पाणी भरले असे सांगतात तो रांजण आहे. आणि गोदाकाठचे समाधिमंदिर. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथांनी देह ठेवला. त्या नाथषष्ठीला इथे पाय ठेवायला जागा नसते, आषाढात मात्र निवांत बसता येते. ज्ञानेश्वरीचा पाठ लेखकांच्या हातून बिघडत गेला होता, तो नाथांनी १५८४ मध्ये शुद्ध करून दिला.

नागघाटावर दगडी रेडा आहे. शुद्धिपत्र मागायला आलेल्या पोरांना इथल्या पंडितांनी हिणवले आणि ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, ती जागा. ताई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, तेव्हा मी तिला त्र्यंबकातल्या पितृदोषावरून नाथांच्या श्राद्धाची कथा सांगितली : पितरांसाठी केलेला स्वयंपाक नाथांनी दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढला, ब्राह्मण रुसले, तेव्हा पितर स्वतः येऊन पानांवर बसले. ‘म्हणजे दोष लागला नाही?’ तिने विचारले. ‘जेवून गेले,’ मी म्हणालो.

तेवढ्यात पाऊस कोसळला. त्र्यंबकासारखा संततधार नव्हे, टपोरा, अंगावर लागणारा. घाटावरून पळत आम्ही एका घराच्या पडवीत शिरलो. आत चूल पेटलेली होती. पासष्टीची बाई, लुगड्याचा ओचा खोचलेला. तिने आम्हाला कोण-कुठले न विचारता आत घेतले, ताईच्या ओल्या केसांना पंचा दिला आणि पाऊस थांबेना तेव्हा दोन ताटल्या मांडल्या. ज्वारीची भाकरी, पिठले, वर कच्च्या तेलाची धार. मी ताईकडे पाहिले. ताईने त्या बाईचे आडनाव विचारले नाही, एरवी ती पहिल्या वाक्यात विचारते. तिने भाकरीचा पापुद्रा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. अर्धी भाकरी संपल्यावर तिचा हात एकदम थांबला. मग तिने उरलेलीही खाल्ली, आणि आणखी चतकोर मागून घेतली. पैसे देऊ केले तेव्हा बाई रागावली.

पैठणला येणाऱ्यांनी जायकवाडीचा जलाशय संध्याकाळी पाहावा. कुशावर्ताच्या पायऱ्यांशी आम्ही ज्या नदीत बुडी मारली तिचाच हा समुद्र. पैठणीचे माग सकाळी चालू असतात. नुसते पाहायला कोणी अडवत नाही.

रात्री लॉजवर ताई बराच वेळ पथ्यांचा कागद उघडून बसली होती. शेवटी तिने गुरुजींना फोन लावला आणि झाले ते सांगितले, पावसापासून चतकोरापर्यंत. पलीकडून हसण्याचा आवाज मलाही ऐकू आला. ‘मावशी, एवढे काही नसते. तो कागद आम्ही सगळ्यांनाच देतो.’ मग त्यांनी नागबळीच्या कार्तिकातल्या तारखा सांगायला सुरुवात केली. ताईने माझ्या खिशातले पेन ओढून घेतले, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक तारीख लिहून घेतली.